पडण्याची तालीम

"सर, पुढे पडायचं की मागे?"

शाल्मलीनं तिसऱ्यांदा विचारलं. ती कालव्याच्या काठावर फळी बगलेत धरून उभी होती. गुडघ्यांना आणि कोपरांना मी जाड कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. अंगावर चित्रपटासाठी शिवलेला जुन्या पद्धतीचा निळा-पांढरा गणवेश होता. खाली, कोरड्या कालव्याच्या तळावर, मी वाळूचा ढीग करून घेतला होता.

"आधी नुसतं पडायला शिक," मी म्हणालो. "दिशेचं नंतर बघू."

"सात दिवस झाले सर, मी नुसतीच पडतेय."

"पूर्वी मी महिनाभर पाडायचो पोरांना. फळीवर पायसुद्धा ठेवू द्यायचो नाही."

"आणि तरी ती यायची?"

"दुसरं काय होतं इथे? वसाहतीत एक टीव्ही होता आणि तो साहेबांच्या घरी."

ती हसली आणि पुन्हा उतारावर बसून घसरली, वाळूत लोळली, उठली. बारा वर्षांची पुण्याची मुलगी. तोंडानं फटकळ, पण सांगितलेलं अंगात मुरवून घेणारी. अशी मुलं शिक्षकाला फार थोडी मिळतात आणि मिळाली की भीतीही वाटते, कारण ती शेवटपर्यंत विचारत राहतात.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो, शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. माझा जुना विद्यार्थी शिरीष वळसंगकर मुंबईत जाहिरातपट करायचा. त्यानं पहिला मोठा चित्रपट करायला घेतला तो आमच्या कालव्यावर आणि आमच्या फळ्यांवर.

फळ्यांचं सांगायला हवं. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली हिरडगाव धरणाच्या वसाहतीत मी कार्यानुभवाचा शिक्षक होतो. धरण अर्धवट होतं, पण डावा कालवा आधीच बांधून तयार होता. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे गुळगुळीत उतार, तळाशी गोलाई, आणि पाण्याचा पत्ता नाही. शिरीष उपअभियंत्यांचा मुलगा, तेरा वर्षांचा. त्याच्या आत्यानं परदेशातून पाठवलेल्या मासिकात एक चित्र होतं. रिकाम्या पोहण्याच्या तलावात एक झिपऱ्या पोरगा चार चाकांच्या फळीवर उभा राहून भिंत चढत होता. शिरीषनं ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "सर, हे आपल्याला करता येईल?"

माझं आडनाव सुतार आणि वडिलांपासून धंदाही तोच. नाही म्हणणं जमलं नाही.

चित्र बाजूनं काढलेलं होतं. फळीच्या पोटाखाली काय आहे ते दिसत नव्हतं. खऱ्या फळीचे आस रबरावर बसवलेले असतात, अंग कललं की चाकंही वळतात, हे आम्हाला कोण सांगणार? मी सेंट्रिंगच्या प्लायला लोखंडी कांबीचे दोन आस पक्के ठोकले आणि टोकांना प्रकल्पाच्या वर्कशॉपमधली टाकाऊ बेअरिंगं बसवली. आमची फळी फक्त नाकासमोर जायची. वळायचं तर मागच्या पायावर भार देऊन पुढची चाकं उचलायची, फळी हवेत फिरवायची आणि आपटायची. पोरं याला नांगी उचलणं म्हणायची. चार महिन्यांत वीसेक पोरं काठापर्यंत चढून, नांगी उचलून, खर्रर्र आवाज करत खाली यायला लागली. तो आवाज दोन किलोमीटरवर गावात ऐकू जायचा.

शिरीषच्या चित्रपटातली मुलं खऱ्या फळीवर तरबेज होती. पण आमच्या फळीवर उभी राहिली की ती सवयीनं अंग कलवायची आणि फळी आपली सरळच जायची. म्हणून त्यानं मला बोलावलं होतं. बरोबर शिकून आलेल्या मुलांना आमची चूक शिकवायला.

कालव्याला आता पाणी असतं. दुरुस्तीसाठी तो सोळा दिवस बंद ठेवला होता, तेवढ्यात सगळं उरकायचं होतं. त्यातले दहा गेले होते आणि मी थकलो होतो. मुलांना शिकवून मी कधी थकलो नाही. एक प्रसंग मी रोज पुढं ढकलत होतो, त्या ढकलण्यानं थकलो होतो.

त्या दुपारी जेवताना शिरीषनं तोच विषय काढला.

"सर, पडण्याचा सीन परवा घ्यायचाय. शाल्मली तयार आहे ना?"

"अजून दोन दिवस लागतील."

"तुम्ही परवाही हेच म्हणालात." त्यानं ताट बाजूला सारलं. "तुम्हाला सीन आवडला नाही का? स्पष्ट सांगा."

सीन मला पाठ होता. मुख्य अभियंते पाहणीला आले आहेत. कालव्याच्या काठावर खुर्च्या मांडल्या आहेत. फळीवरची सगळ्यात चांगली मुलगी वैजू वरून सुटते. अर्ध्या उतारावर तिची नजर समोर उभ्या असलेल्या नायकाकडे जाते, ती हसते, तोल जातो. तोंडावर पडते. नायक धावतो. तिथून नायकाच्या मनात काहीतरी मोडतं आणि काहीतरी सुरू होतं.

नायक म्हणजे शिरीष. वैजू म्हणजे वैजयंता मोहिते, डंपरवरच्या ड्रायव्हरची मुलगी, माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पोरांमध्ये फळीवर पहिली. तिचे पुढचे दोन दात पडले होते आणि उजवं मनगट मोडलं होतं. तिच्या वडिलांनी, आबा मोहित्यांनी, रक्त पुसायच्या आधी तिला सगळ्यांसमोर दोन मुस्काटात दिल्या होत्या. "पोरांकडं बघत हुती," असं म्हणत. त्यानंतर वर्षभर ती शाळेत आली नाही. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं.

"नाव तिचंच ठेवणार आहेस?" मी विचारलं.

"हो. मला खोटं नाव नकोय. तिच्याकडून ना हरकतीचा कागद घ्यायचा आहे, त्यासाठी ती परवा सकाळी येणारच आहे. सर, सव्वीस वर्षं हे माझ्या डोक्यात आहे. तिनं माझ्याकडे बघितलं नसतं तर ती पडली नसती. मी कुणाला सांगितलं नाही कधी. हा चित्रपट मी त्यासाठीच करतोय."

मी ताटातला भात चिवडत राहिलो. एका माणसानं आपल्या अपराधावर इतकी मोठी गोष्ट उभी केली होती आणि तो अपराध त्याचा नव्हता.

दुपारनंतर मी शाल्मलीला खरंच पाडायला सुरुवात केली. तळाशी गाद्या अंथरल्या, उताराच्या निम्म्यावरून तिला सोडलं. समोर काठावर शिरीषची भूमिका करणारा मुलगा उभा केला.

"अर्ध्यात आलीस की त्याच्याकडे बघ," मी म्हणालो. "मान वळली की खांदा वळेल, खांदा वळला की तोल जाईल. अंग सैल सोड."

ती सुटली, तिनं मान वळवली. फळी पायांखालून पुढे निसटली आणि ती पाठीवर पडली.

"परत," शिरीष वरून म्हणाला. "तोंडावर हवंय."

परत तेच झालं. फळी पुढे, मुलगी मागे. पाचव्यांदा ती कुल्ल्यावर आपटली आणि तिथंच मांडी घालून बसली.

"सर, मला तोंडावर पडता येत नाहीये."

"दम घे जरा."

"दमाचं नाही सर. तुम्हीच शिकवलंत ना, माणूस चुकला की फळी पळते आणि माणूस मागे राहतो. पाठीवर पडायचं, डोकं उचलून धरायचं. सात दिवस तेच केलं मी."

"हो."

"मग पुढे कधी पडतो माणूस?"

तिनं फळी उचलली, उलटी केली, पुढचं चाक तळव्यात दाबून धरलं आणि फळी ढकलून बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"फळी थांबली तर," ती म्हणाली. "फळी मध्येच थांबली तर आपण पुढे फेकले जाऊ. बरोबर ना? पण मग बघण्याचा काय संबंध? त्या वैजूचे दात कसे पडले सर?"

"उद्या बघू," मी म्हणालो. "ऊन फार झालंय."

ऊन फार नव्हतं. फेब्रुवारी होता.

दुसरा दिवस मी पाठ दुखते म्हणून घरी काढला. पाठ खरंच दुखत होती, पण ती रोजच दुखायची. बायकोनं विचारलं, "मुलं तिकडे वाट बघत असतील ना? तुम्ही असे कधी दांडी मारत नाही." मी म्हटलं, "मोठ्या माणसांचं काम आहे आज."

तिसऱ्या दिवशी सकाळी कालव्यावर पोचलो तेव्हा वैजयंता आलेली होती. एसटीत कंडक्टर होती ती, तालुक्याच्या डेपोत. रात्रीची ड्युटी संपवून तशीच खाकीत आली होती. एकोणचाळीस वर्षांची, उंच, सडसडीत, अजूनही दोन पाय अंतरावर ठेवून उभी राहणारी. मला बघून वाकली.

"सर, लई वाळलायसा."

"वय झालं गं. तू कशी आहेस?"

"मी काय, उभीच्या उभी. खुर्ची मिळाली की झोप येते." पुढच्या दातांच्या जागी बसवलेले दोन दात बाकीच्यांपेक्षा पांढरे होते. हसताना तिचा हात आपोआप तोंडाशी जायचा.

शिरीष खुर्च्या घेऊन आला. दोघं अवघडले होते. तो तिला "वैजयंताताई" म्हणत होता आणि ती त्याला "साहेब". एके काळी एकाच फळीवरून या दोघांची रोज मारामारी व्हायची. त्यानं कागद पुढे ठेवला, वर सीनची दोन पानंही दिली.

"वाचून घ्या आधी. काही खटकलं तर सांगा."

वैजयंतानं पानं वाचली. शाल्मली जवळ येऊन उभी राहिली होती. मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये पडू नये हे तिला माहीत होतं, पण तिला राहवेना.

"मावशी, तुम्ही खरंच बघितलं होतंत त्यांच्याकडे?"

"शाल्मली," शिरीष म्हणाला.

"विचारू द्या की," वैजयंता म्हणाली. "अगं, मला आठवत न्हाई. लागलं ना, त्याच्या आधीचं सगळं पुसलं गेलं. डॉक्टर म्हणाले, हुतं असं. मला आठवतं ते सरांनी हातात फळी दिली तेवढं. नवा पांढरा रंग होता, वास येत होता. पुढचं एकदम दवाखाना."

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"सगळ्या गावानं सांगितलं की. आबांनी सांगितलं, आईनं सांगितलं, सासूनं तर लग्नात सांगितलं." ती हसली, हात तोंडाशी गेला. "बघितलंच असेल. तेरा वर्षांची हुते. डोळं हुतेच की."

शिरीष खाली बघत होता.

"ड्युटीवर पोरं मला हसतात," ती शाल्मलीलाच सांगत राहिली. "म्हणतात, मॅडम कुणाच्या तोंडाकडं बघत न्हाईत, नुसत्या हाताकडं बघतात. पैसं घ्यायचे, तिकीट द्यायचं. सवयच लागली तशी. बघितलं की काहीतरी होतं, असं बसलंय डोक्यात."

मग तिनं खिशातलं पेन काढलं आणि कागद गुडघ्यावर घेतला. पण सही करायच्या आधी तिनं माझ्याकडे बघितलं.

"सर, तुमी वाचलंय न्हवं हे? करू ना सही?"

शाळेत असताना ती प्रत्येक गोष्ट अशीच विचारायची. सर, इथं खिळा मारू ना? सर, सुटू ना? मी मान हलवली की निर्धास्त व्हायची. त्या दिवशीही काठावर उभी राहून तिनं विचारलं होतं, "सर, सुटू ना?" आणि मी मान हलवली होती.

"नको करूस," मी म्हणालो.

शिरीषनं वर बघितलं.

"चाक अडकलं होतं," मी म्हणालो. "पुढचं डावं. तू कुणाकडे बघितलंस की नाही, मला माहीत नाही. त्यानं काही फरक पडत नाही. चाक अडकलं, फळी जागच्या जागी थांबली आणि तू पुढे फेकली गेलीस. ही पोरगी परवा पाच वेळा पडून तेच सांगत होती."

मला थांबता येईना. इतकी वर्षं धरून ठेवलेलं सुटलं की ते सावकाश सुटत नाही.

"बेअरिंगात वाळूची कच जायची. रोज सकाळी मी सगळ्या फळ्यांची चाकं रॉकेलनं धुवायचो, आठवतं तुला? पोरांना हात लावू द्यायचो नाही. त्या दिवशी साहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी फळ्या पांढऱ्या रंगवायला सांगितल्या. रंगात सकाळ गेली. धुणं राहिलं. तुला फळी द्यायच्या आधी मी चाकं अंगठ्यानं फिरवून बघितली. तीन नीट फिरली. चौथ्यानं अर्ध्यात धरलं. बोटाला कळलं मला. रॉकेलचा डबा वर्कशॉपमध्ये होता, जाऊन यायला दहा मिनिटं लागली असती. साहेब खुर्चीत बसले होते, हेडमास्तर हात करत होते. मला वाटलं, एकदाच तर जायचंय. वैजू आहे, सांभाळून घेईल."

"सर," शिरीष म्हणाला.

"अजून आहे. तुला उचलून नेलं तेव्हा सगळे तुझ्यामागे धावले. मी फळी उचलली. संध्याकाळी वर्कशॉपमध्ये ते चाक धुतलं. सहा खडे निघाले. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी फळी तपासली तेव्हा चारही चाकं गरागरा फिरत होती. मग चूक तुझीच उरली. आबांनी तुला मारलं तेव्हा मी तिथंच उभा होतो. काही बोललो नाही. पुढेही बोललो नाही. आधी नोकरीच्या भीतीनं, आणि मग उशीर झाला म्हणून."

वैजयंतानं पेनाचं टोपण लावलं. ती कालव्याच्या तळाकडे बघत होती, जिथे आमच्या गाद्या पडल्या होत्या.

आधी शिरीष बोलला. "म्हणजे ती माझ्याकडे बघत नव्हती?"

त्याचा आवाज तेरा वर्षांच्या मुलासारखा झाला होता. मला त्याची दया आली. एका परीनं मी त्याचं ओझं उतरवलं होतं आणि त्याच हातानं त्याची गोष्टही काढून घेतली होती.

"माहीत नाही रे."

"सर, हे तुम्ही आज सांगताय? चार दिवस राहिले असताना? मी तीन वर्षं लिहितोय हे. तुम्ही वाचलंत. दोनदा वाचलंत." तो उठून उभा राहिला. "चाक अडकलं, यात गोष्ट काय आहे? लोक काय बघायला येतील, बेअरिंग?"

"गोष्ट आहे की," शाल्मली म्हणाली. "चाक अडकलं हे सरांना माहीत होतं, ही गोष्ट आहे."

शिरीषनं तिच्याकडे बघितलं आणि कॅमेऱ्याच्या दिशेनं निघून गेला.

त्याच्या चित्रपटाचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकतो. दुसऱ्या वर्षी चित्रपट आला. त्यात मुलीचं नाव वेगळं आहे, ती नायकाकडे बघते, हसते आणि पडते. पडताना तिचा चेहरा दिसत नाही. पाठीमागून घेतलंय, आणि ते शाल्मलीनं केलेलं नाही. तिनं नाही म्हणून सांगितलं आणि ते तिच्या आईवडिलांना पटवूनही दिलं. शिरीषनं मला पत्रिका पाठवली होती, मी गेलो, शेवटपर्यंत बसलो. नांगी उचलण्याची दृश्यं त्यात फार सुंदर आहेत. बाहेर आल्यावर तो मला भेटला. म्हणाला, "सर, मला ती गोष्ट सोडवत नाही." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

त्या सकाळी मात्र खुर्च्यांवर आम्ही दोघंच उरलो, वैजयंता आणि मी. मी वाट बघत होतो. ती चिडेल, रडेल, उठून जाईल, यातलं काहीही चाललं असतं.

"वैजू, मी माफी मागतो," मी म्हणालो.

"माझ्यापुढं काय मागताय सर," ती शांतपणे म्हणाली. "मला तर आठवतच न्हाई. ज्यांना आठवतंय त्यांना सांगा."

"कुणाला?"

"आबांना."

तिच्या स्कूटीवर मागे बसून मी मोहित्यांच्या वस्तीवर गेलो. सहा किलोमीटर. वळणावर ती स्कूटी इतकी सफाईनं कलवायची की मला वाटलं, हिला खरी फळी मिळायला हवी होती.

आबा मोहिते ओसरीवर बाजल्यावर बसले होते. ऐंशी उलटलेले, अंगानं वाळलेले, पण डंपर चालवलेले हात अजून रुंद होते. मला त्यांनी ओळखलं.

"मास्तर, या. बसा. वैजे, पाणी आण."

वैजयंता पाणी आणायला गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"आबा, मला तुम्हाला काही सांगायचंय," मी म्हणालो.

"आँ?"

"त्यांना ऐकू येत न्हाई सर," ती म्हणाली. "मोठ्यानं बोला. लई मोठ्यानं."

शिक्षकाचा आवाज, चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. तो मला त्या दिवशी पुन्हा काढावा लागला.

"वैजू कालव्यात पडली होती," मी ओरडलो. "चूक तिची नव्हती. चाक अडकलं होतं. मला माहीत होतं."

"कोन अडकलं?"

"चाक. फळीचं चाक."

शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली. समोरच्या गोठ्यातला माणूस दावं हातात धरून थांबला. मी वैजयंताकडे बघितलं. वाटलं, ती बापाच्या कानाशी जाऊन दोन शब्दांत सांगेल, माझी सुटका करेल. ती हलली नाही.

"परत सांगा सर," ती म्हणाली.

मी परत सांगितलं. पहिल्यापासून. रंग, रॉकेल, अंगठ्याला लागलेली कच, साहेबांची खुर्ची. एकेक वाक्य तोडून, ओरडून. शब्द समजले नाहीत की आबा हात वर करायचे आणि मी तेच वाक्य पुन्हा ओरडायचो. अंगणात पाच-सात माणसं जमली होती. एक म्हातारी आणखी कुणाला तरी कुजबुजून समजावत होती. "ती पोरांकडं बघून पडली नव्हती," हे वाक्य मला तीन वेळा ओरडावं लागलं. तिसऱ्या वेळी माझा घसा बसला आणि आवाज फाटला.

आबांनी हात खाली घेतला. त्यांना कळलं होतं. ते माझ्याकडे बघतील, शिवी देतील, उठून येतील असं वाटलं, आणि त्यांनी तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची मान हळूहळू दाराकडे वळली. चौकटीला टेकलेल्या खाकीतल्या बाईकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले, जणू तिला आत्ताच कालव्यातून उचलून आणलं होतं आणि लोक तिला ओसरीवर ठेवून गेले होते.

"वैजे," ते म्हणाले, "लई लागलं हुतं का गं?"

वैजयंतानं बापाच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"लागलं हुतं आबा," ती म्हणाली. "लई लागलं हुतं."